प्रॉम्प्टरनं निवडलेला प्रोसेसर

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात मी एकोणतीस हंगाम काढले, पण एक वाक्य कधी पाठ केलं नाही. हे मी लाजून सांगत नाही, आमच्याकडची रीतच तशी. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या की आज एक नाटक, उद्या दुसरं, परवा तिसरं. कुणाच्या डोक्यात किती राहणार? म्हणून विंगेत प्रॉम्प्टर वही घेऊन बसतो, हळू आवाजात वाक्य पुढे सरकवतो आणि नट ते उचलून प्रेक्षकांत फेकतो. आमच्या कंपनीच्या प्रॉम्प्टरभाऊंनी मला पंचवीस वर्षं वाक्यं दिली. खोकल्यानं ते मध्येच थांबले तर मीही थांबायची, आणि लोक म्हणायचे, बाई काय जागा घेते.

दरवर्षी पोळा झाला की आमचे मालक, म्हणजे नाटक कंपनीचे मालक, तेच तुणतुणं वाजवायचे. प्रॉम्प्टर कशाले पाहिजे, नटायनं पाठ कराव. मी लगेच पदर खोचून उभी राहायची. भाऊ नाही तर मीही नाही, दुसरी सासू शोधा. नायिकेची आई आणि आईची सासू होत आता मी खाष्ट म्हातारीवर आले होते, पण आसपासच्या गावांत माझ्या म्हातारीवर तिकिटं विकली जायची, त्यामुळे मालक गप्प बसायचे. भाऊंना दुसरं काही येत नव्हतं. शेत नाही, पोरबाळ नाही, वडशात दोन खोल्या आणि त्यात ते आणि वहिनी. विंगेतली जागा गेली तर हा माणूस महिन्याभरात खचेल हे मला स्वच्छ दिसत होतं.

गेल्या वर्षी माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला. पायऱ्या चढताना कटकट आवाज व्हायचा. मग मला आठवलं की नाटकात येण्याआधी मी ब्रह्मपुरीला मराठी टायपिंगच्या, मिनिटाला तीस आणि चाळीस शब्दांच्या, परीक्षा पास झाले होते. वडशात नाटक कंपन्यांच्या पाट्या ओळीनं लागलेल्या असतात, आणि प्रत्येकीकडे हातानं लिहिलेल्या वह्यांचा ढीग, अर्ध्या उंदरांनी खाल्लेल्या. आमच्या मालकांकडे चार वर्षांनी एक नवं नाटक आलं होतं. लेखकाचं अक्षर असं की त्याचं त्यालाच लागू नये. मालक म्हणाले, "बाई, हे दसऱ्याच्या आत टाइप करून द्या. बाकी कंपन्यायचं कामबी तुमालेच देववतो." झालं. मी कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं.

मला वाटलं होतं कॉम्प्युटर फ्रिजसारखा मिळतो. दुकानात जायचं, रंग सांगायचा आणि घेऊन यायचं. बहिणीची मुलगी पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, तिला फोन केला तर ती म्हणाली, "मावशी, तयार घेऊ नकोस. सुटे भाग घेऊन जोडून घे, स्वस्त पडतं. फक्त प्रोसेसर नीट निवड, बाकी सगळं त्याच्यावर ठरतं." मग तिनं प्रोसेसर सांगायला सुरुवात केली. मुख्य कंपन्या दोन, पण प्रत्येकीचे पाचपंचवीस प्रकार, प्रत्येक प्रकाराची नवी आणि जुनी पिढी, आणि नंबरात जरासा फरक पडला की आतला गुण वेगळा. मी थक्क झाले. वडसा तांदळाचं गाव आहे, पण आमच्याकडे तांदळाच्याही एवढ्या जाती नसतील.

"मला टायपिंग करायचं आहे, रॉकेट उडवायचं नाही," मी म्हटलं.

"म्हणूनच साधा सांगते. चार कोरचा घे, टायपिंगला, प्रिंटला, नाटकाचे व्हिडिओ पाहायला पुष्कळ. मागच्या पिढीचा चालेल, त्याच्या मागचा नको. त्याला थंड ठेवणारा पंखा डब्यातच मिळतो, वेगळा घेऊ नको."

त्यातही दोन होते. एकाच्या पोटातच चित्र दाखवायची सोय असते. दुसऱ्याच्या पोटात नसते, तो थोडा स्वस्त, पण त्याला वेगळं कार्ड लावावं लागतं, नाहीतर पडद्यावर काही उमटत नाही. भाचीकडे असं एक जुनं कार्ड पडून होतं, ते ती कुरिअरनं पाठवणार होती. म्हणून ठरलं, बिनचित्राचा घ्यायचा. "दुकानदारानं विचारलं तर सांग, कार्ड आहे आमच्याकडे."

हे सगळं मी वहीत लिहून घेतलं, आणि खरं सांगते, मला धडकी भरली. चंद्रपूरच्या मोठ्या दुकानात जाऊन हे बोलायचं, आणि तेही असं की दुकानदाराला वाटावं बाई जाणती आहे, हिला गुंडाळता येणार नाही. हजार माणसांपुढे उभी राहणारी मी, पण वाक्य देणारं कुणी नसेल तर मला बँकेतही बोलता येत नाही. तेव्हा मी तेच केलं जे आयुष्यभर केलं. वही उचलली आणि भाऊंकडे गेले. म्हटलं, चंद्रपूरले चला, माझ्या मागं उभे राहा आणि वाक्यं द्या.

भाऊ हसले. "दुकानात प्रॉम्प्टिंग? बरं. पण बाई, एकदा मोठ्यानं वाचा. तुमचा श्वास कुठी पडते ते समजते."

ही त्यांची जुनी सवय. मी उभी राहून संपूर्ण वाचलं, दुकानदाराचे प्रश्नसुद्धा. वहिनी भाजी चिरता चिरता ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटेच भाचीचा फोन. तिनं कार्ड लावून पाहिलं तर ते मेलेलं निघालं. आता बिनचित्राचा घ्यायचा नाही, चित्रवाला घ्यायचा, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. मी वहीतलं जुनं पान लाल पेननं आडवंतिडवं खोडलं आणि पुढच्या पानावर नवं मोठ्या अक्षरात लिहिलं. स्टेशनवर गाडी लागलीच होती. डब्यात बसल्यावर वही भाऊंच्या हातात दिली आणि म्हटलं, बदल केला आहे, पाहून घ्या.

"मोठ्यानं वाचता का?" ते म्हणाले.

डबा गच्च भरलेला होता. नागभीडला उतरणारे धानवाले, कॉलेजच्या मुली, समोर एक तलाठी. माझा स्वभाव तुम्हाला कळलाच असेल. मी म्हटलं, "आता गाडीतबी तमाशा करू का? डोळे आहेत ना तुमाले? वाचा."

भाऊंनी वही उघडली, पान समोर धरलं आणि मूल स्टेशन येईपर्यंत तसेच बसून राहिले.

दुकानात मी अशी काही उभी राहिले की दुकानदारानं खुर्ची पुसून दिली. मागून भाऊंचा आवाज आला आणि माझं तोंड आपोआप चालू झालं. चार कोरचा दाखवा. मागच्या पिढीचा, त्याच्या मागचा नको. पंखा डब्यातलाच पाहिजे. दुकानदार चाट पडला. त्यानं एक डबी काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "बाई, हा स्वस्त आहे, पण याच्यात डिस्प्ले नाई येत. कार्ड लागन."

मागून वाक्य आलं आणि मी ते झोकात फेकलं, "कार्ड आहे आमच्याकडे."

त्याच पहाटे आलेला फोन मला आठवला नाही का? नाही. यावर कुणी विश्वास ठेवत नाही, पण ज्यानं पंचवीस वर्षं प्रॉम्प्टरवर काढली त्याला विचारा. वाक्य कानात पडलं की ते आधी तोंडातून बाहेर पडतं, आणि डोक्यात शिरतं ते घरी गेल्यावर. दुकानदारानं भाग जोडले, त्याच्याकडचं कार्ड लावून चालू करून दाखवलं, निळा पडदा आला, कार्ड काढून घेतलं आणि डबे बांधून दिले. परतीच्या गाडीत मी इतकी खूश होते की भाऊंना नागभीडला आलूबोंडे खाऊ घातले.

घरी यायला रात्र झाली, म्हणून वायरी दुसऱ्या दिवशी जोडल्या. पंखा फिरला, लाल दिवा लागला आणि पडदा काळाच. मी बटण बंद करून पुन्हा लावलं, तरीही काळाच. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी एवढी मोठी वस्तू घेतली होती. भाचीला फोन लावला. तिनं डबीवरचा नंबर वाचायला सांगितला, मी वाचला.

"मावशी, मी हाच घेऊ नको म्हटलं होतं."

तळपायाची आग मस्तकात गेली. लाल पेननं खोडलेलं वाचलंच कसं या माणसानं? मी चपला घालून तडक भाऊंच्या घरी. दुपारचे बारा वाजले असतील, ओसरीवर लख्ख ऊन होतं आणि भाऊ खाटेवर बसले होते. वही उशाशीच होती. मी ती उचलली, फडकन उघडली आणि त्यांच्या हातात कोंबली. "वाचा. मी काय लिवलं होतं ते वाचा."

भाऊंनी पान नाकासमोर धरलं, घसा साफ केला आणि वाचायला लागले. चार कोरचा दाखवा. मागच्या पिढीचा, त्याच्या मागचा नको. शब्द न् शब्द, मी परवा थांबले तिथे थांबत, दुकानदाराच्या प्रश्नासकट. कार्ड आहे आमच्याकडे.

मी पानाकडे पाहिलं. रागाच्या भरात मी भलतंच पान उघडलं होतं. त्यावर चंद्रपूरच्या गाड्यांच्या वेळा लिहिलेल्या होत्या, बाकी काही नाही.

मी गप्प झाले हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते वाचायचे थांबले आणि अगदी हळू म्हणाले, "पान दुसरं आहे का, बाई?"

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनीच सांगितलं. शुगरनं डोळ्यांचे पडदे गेले. नागपूरला दाखवलं, डॉक्टरांनी हात टेकले. सावल्या दिसतात, माणूस आहे की खांब एवढं कळतं. अक्षर दिसत नाही. किती दिवसांपासून, मी विचारलं. तीन हंगाम.

मी ओसरीच्या पायरीवरच बसले. तीन हंगाम हा माणूस विंगेत वही उघडी ठेवून बसत होता, पान उलटत होता, आणि कंपनीची तीनही जुनी नाटकं डोक्यातून देत होता. आणि मी त्यांना काल भरल्या डब्यात विचारलं होतं, डोळे आहेत ना. असा मोठा दगड मी स्वतःच्या हातानं कुणाला मारला नव्हता. मला स्वतःची शिसारी आली, आणि मी तसं त्यांना सांगितलंही.

"जाऊ द्या, बाई. तुमाले माहीत होतं का?" भाऊ म्हणाले. "फक्त मालकाच्या कानावर जाऊ देऊ नका. त्यायच्या कानावर गेलं तं माझं संपलं."

मी शब्द दिला. कुणाला कळणार नाही, मी आहे ना.

दुसऱ्या दिवशी मी एकटी, कॉम्प्युटरचा डबा घेऊन, चंद्रपूरला गेले. कुणी वाक्य द्यायला नव्हतं, तेव्हा मी माझ्या स्वतःच्या शब्दांत भांडले. दुकानदार म्हणाला, डबी उघडली, आता परत घेता येत नाही. मी म्हटलं, मले फसवलं असं नाई म्हणत, मीच चुकली, पण बदलून द्या. चुकली हा शब्द माझ्या तोंडून ऐकायला आमच्या कंपनीतले लोक पैसे देतील. त्यानं थोडे पैसे कापून चित्रवाला बसवून दिला. हाताच्या अंगठ्याएवढा चौकोनी तुकडा, त्याच्यासाठी एवढं महाभारत. घरी वायरी जोडल्या आणि पडदा उजळला तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता, पण माझ्या डोक्यात एकच चालू होतं. नवं नाटक. जुनी तीन भाऊंना येतात, हे चौथं त्यांनी वाचलेलं नाही आणि वाचता येणार नाही.

मग आमचा रोजचा परिपाठ सुरू झाला. दुपारची जेवणं झाली की भाऊ माझ्या घरी यायचे. मी टाइप करायची आणि टाइप करता करता मोठ्यानं वाचायची. ते भिंतीला टेकून ऐकायचे. लेखकाचं अक्षर लागलं नाही की मी लेखकाच्या सात पिढ्या उद्धरायची आणि भाऊ म्हणायचे, "तिथी 'माहेर' असन, पाहा." आणि खरंच माहेर असायचं. दोनदा ऐकलं की त्यांच्यात ते मुरायचं. बावीस दिवसांत नाटक टाइप झालं आणि भाऊंना मुखोद्गत झालं. त्यात एक गोष्ट झाली जी मी ठरवली नव्हती. एवढ्या वेळा बोटांतून आणि तोंडातून गेल्यावर ते मलाही पाठ झालं. एकोणतीस हंगामांत पहिल्यांदा. वरण ढवळताना वाक्यं यायची. मला गंमत वाटायची, पण मी कुणाला सांगितलं नाही.

दसऱ्यानंतर पहिली तालीम. मालकांनी माझ्या टायपिंगची सगळ्यांसमोर तारीफ केली, प्रती वाटल्या, आणि वर दोन सुटी पानं काढली. लेखकानं आदल्या दिवशी दुसऱ्या अंकात बदल केला होता. त्यांनी ती पानं भाऊंच्या हातात दिली. मी झेप घेऊन ती पानं ओढली आणि म्हटलं, "अगोदर मी मोठ्यानं वाचतो. मले चाल ऐकाची आहे." आणि वाचायला लागले, टेपसारखी, स्पष्ट, दोनदा. भाऊ मान खाली घालून ऐकत होते. वाचून झालं तेव्हा मला वाटलं, जमलं, कुणाला पत्ता नाही. पण माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं. खलनायक करणारा नट छताकडे पाहत होता. नायिका करणारी पोरगी ओढणीशी चाळा करत होती.

मालकांनी मला बाहेर ओट्यावर बोलावलं.

"तुमालेबी समजलं म्हणा आता," ते म्हणाले.

"काय समजलं?"

"भाऊच्या डोळ्यायचं. बाई, सगळ्यायले माहीत आहे. पहिल्याच हंगामात माहीत झालं. मंचावर कोण आलं ते त्यायले दिसत नाई, कोणाचं वाक्य कोणाले देत होते. तवापासून सगळ्यायनं पाठ केलं. त्यायनं दिलं का नाई दिलं, कोणाचं काई अडत नाई."

तीन हंगाम सगळी कंपनी हे सांभाळत होती आणि मला, जिला कंपनीतलं झुरळ हललेलं कळतं अशी माझी ख्याती, मला गंध नव्हता. मी विंगेकडे कधी पाहिलंच नव्हतं. मी फक्त घेत होते.

"मंग त्यायले ठेवलं काऊन?" मी विचारलं.

"तुमच्यापाई. तुमीच एकट्या आहा ज्यायले पाठ होत नाई. तुमचा आवाज त्यायले दुरून वळखू येते, म्हणून तुमचं वाक्य ते कधी चुकले नाई. तुमाले त्यायच्याशिवाय एक शब्द येत नाई, तं मी काय करू? ठेवलो." मालकांनी पानाची पिचकारी गटारात टाकली. "पण खरं सांगू का, आता खर्च परवडत नाई. ज्या दिवशी तुमचंबी पाठ होईन, त्या दिवशी मी भाऊले हात जोडन आणि घरी बसवन. तुमी टायपिंग केलं, बावीस दिवस वाचलं. झालं असन ना पाठ?"

नाटकातला एकूण एक शब्द माझ्या ओठांवर होता. पहिल्या अंकापासून पडदा पडेपर्यंत. मी पदर खोचला आणि आत गेले.

तालीम सुरू झाली. माझी म्हातारी पहिल्या अंकात तिसऱ्या प्रवेशाला येते. मी मध्यभागी जाऊन उभी राहिले, कमरेवर हात ठेवला. मालक दारात हाताची घडी घालून उभे होते. भाऊ भिंतीशी टायपिंगची प्रत मांडीवर घेऊन बसले होते, उघडलेलं पान दुसऱ्याच अंकाचं होतं. सुनेचं वाक्य संपलं. माझं वाक्य होतं, अकरा शब्दांचं, मला स्वल्पविरामासकट येत होतं. मी तोंड मिटून उभी राहिले, भाऊंकडे वळले आणि म्हटलं, "भाऊ, वाक्य द्या. काई आठवत नाई मले."